वन्संचं ‘आहे’

आमच्या वन्सं काय काम करतात, हे नातेवाइकांना समजावून सांगायची जबाबदारी लग्न झाल्या झाल्या माझ्यावर येऊन पडली. त्या स्वतः “पॅकिंगमध्ये आहे” एवढंच सांगून मोकळ्या व्हायच्या आणि मग समोरच्याच्या डोळ्यांपुढे खोकी, सुतळ्या, चिकटपट्ट्या नाचू लागायच्या. माझ्या एका मावशीने तर घर बदलताना निरोपच धाडला, “तुझ्या नणंदबाईंना म्हणावं, काचेचं सामान आहे, एक दिवस येऊन बांधून द्या.” वन्सं गेल्या आणि खरोखर बांधून आल्या. एक कप फुटला नाही. वर मावशीला म्हणाल्या, “आमच्याकडे असतं तर वाफेत शिजवूनही दिलं असतं.”

तर हे वाफेत शिजवणं म्हणजेच त्यांचं काम. एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, बांधून, वाफेने निर्जंतुक करून परत पाठवायचा जो विभाग असतो, त्याच्या त्या इन्चार्ज होत्या. तळघरात एकाला लागून एक अशा तीन खोल्या. पहिलीत धुणं, मधलीत बांधणं, तिसरीत वाफेचं मशीन आणि पलीकडे तयार पॅकेटांची कपाटं. विसरलेला डबा द्यायला मी कधी कधी जायची तेव्हा मधल्या खोलीच्या काचेतून आत बघत उभी राहायची. हिरव्या टोप्या, तोंडावर मास्क, डोक्यावर भिंगाचे दिवे. प्रत्येक कात्री पातळ रबराच्या तुकड्यावर चालवून बघायची, प्रत्येक चिमट्याचे दात एकमेकांत बसतात का ते उजेडात धरायचं, मग ठरलेल्या क्रमाने ट्रेमध्ये मांडायचं. अशा एका ट्रेला तिथे ‘सेट’ म्हणत. सेट दुहेरी कापडात बांधून त्याला टेप लावत. त्या टेपवर फिक्या रेघा असतात. वाफ नीट लागली की त्या काळ्या पडतात. आणि एकदा का त्या काळ्या पडल्या की ते पॅकेट थेट ऑपरेशनच्या टेबलावरच उघडायचं. मध्ये कुणी नुसतं डोकावून बघितलं तरी सगळं मातीमोल, पुन्हा धुण्यापासून सुरुवात.

वन्संनी लग्न केलं नव्हतं. आमच्या घरातली मागच्या अंगाची खोली त्यांची. हे त्यांना अक्का म्हणतात, मी वन्सं आणि सगळं इस्पितळ सिस्टर. आवाज खणखणीत, पण त्या आवाजात कुणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नाही.

त्यांच्या हाताखाली एक बाई होती. नवऱ्याचं घर सोडून भावाकडे राहायला आलेली, तिशी उलटलेली, अंगाने बारीक. “सगळ्या खोलीत हिच्यासारखा हात नाही,” असं वन्सं म्हणत. भावाच्या घरात तिला स्वतंत्र खोली होती, ती नोकरीमुळे. हे तिने एकदा वन्संना सरळच सांगितलं होतं. “सिस्टर, मी कमावते म्हणून वहिनी दार वाजवून आत येते. उद्या घरी बसले तर ती दार काढूनच टाकेल.” सांगताना हसली होती म्हणे.

मग एक दिवस ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. सेट उघडला तर त्यात एक आर्टरी कमी. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा. दुसरा सेट उघडून काम भागलं, रुग्णाला काही झालं नाही, पण सर्जन फोनवर एवढे ओरडले की वन्संनी रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी खोलीभर ऐकू गेलं. त्या सेटवरच्या चिठ्ठीवर हिची सही होती. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, “चूक आमची,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. हिला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी विषय संपला होता.

हिच्यासाठी मात्र तो तिथे सुरू झाला. मांडलेला सेट ती परत मोजायची. बांधायला घेतला की सोडायची. “थांबा हं, पुन्हा एकदा बघते.” खोलीत तिचं नाव ‘पुन्हा’ पडलं. वाफेच्या मशीनवर एक जुने गृहस्थ होते, त्यांना सगळे वाफमामा म्हणत. ते ट्रॉली घेऊन दारात उभे राहून हाक मारायचे, “पुन्हाबाई, मशीन तापून तापून म्हातारं झालं. येताय का?” तीही हसायची. वन्संना सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही. जास्त तपासणारी माणसं त्या खोलीत कुणाला नको असतील?

एकदा कपाटातून पॅकेट काढताना वन्संची बोटं टेपवर अडली. रेघा काळ्या होत्या, पण एका जागी रेघेला रेघ जुळत नव्हती. टेप उचकटून परत चिकटवली होती. त्यांनी दुसरं पॅकेट बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांवर एकच सही.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, तेही कितीतरी नंतर. त्यांनी तिला कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि एका गठ्ठ्यावर बसवलं.

“किती उघडलीस?”

“माहीत नाही, सिस्टर.”

“आजचीच की आधीचीही?”

ती रडायलाच लागली. “बंद केलं की वाटतं आत काही नाहीच. मी मांडलेलं मला आठवतं, पण वाटतं, हे कालचं आठवतंय, आजचं नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. उघडून बघितल्याशिवाय श्वास खाली उतरत नाही.”

“आणि उघडल्यावर?”

“क्षणभर बरं वाटतं. मग बांधते. मग परत तेच.”

कुणाचा तरी जीव जाऊ नये म्हणून ती जे करत होती, त्यानेच तो जायची वेळ आली असती. हे तिला कळत नव्हतं थोडंच? कळत होतं म्हणून तर ती जास्त उघडून बघत होती.

वन्सं म्हणाल्या, “शेजारी कुणी असलं तर?”

“तेव्हा कमी असतं. दुसऱ्या कुणी ‘आहे’ म्हटलं की पटतं. माझं मला पटत नाही.”

वन्संनी तिला नाक पुसायला स्वच्छ फडका दिला. “काही होत नाही, मनावर घेऊ नकोस,” असलं त्या एक वाक्यही बोलल्या नाहीत. कपाटं रिकामी करून सगळी पॅकेटं परत धुवायला काढली. मेट्रनपुढे जाऊन सांगितलं, “माझ्या खोलीत पॅकेटं उघडली गेली, जबाबदार मी.” कुणी उघडली ते सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिला मेमो मिळाला तो घेऊन घरी आल्या आणि दोन घास कमी जेवल्या, एवढंच माझ्या लक्षात आलं. इस्पितळातच मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे तिला जाता यावं म्हणून दर आठवड्याला एक दुपार तिची पाळी बदलून ठेवली. आणि तिला म्हणाल्या, “हे आपल्या दोघींत. तू कुणाला सांगू नकोस, मीही सांगणार नाही.”

मग दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्ची ओढून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “माझे डोळे अधू झालेत बाई. बारीक काही दिसत नाही. ए पुन्हा, तू मांडताना मोठ्याने म्हणत जा, म्हणजे मला कळेल तरी काय चाललंय.”

झालं. तेव्हापासून ती एकेक हत्यार मांडायची आणि नाव घ्यायची. “आर्टरी सरळ.” वन्सं टेबलाशी वाकून म्हणायच्या, “आहे.” “आर्टरी वाकडी.” “आहे.” “कात्री लहान.” “आहे.” शेवटचं ‘आहे’ म्हटलं की कापड गुंडाळायचं, टेप लावायची आणि सरळ वाफमामांच्या ट्रॉलीवर.

“सिस्टर, चष्म्याचा नंबर वाढला की काय?” वाफमामा विचारायचे.

“वाढला ना. हिचे डोळे उसने घेतलेत.”

“बघा हं, व्याजासकट परत करावे लागतील.”

खोली हसायची. त्या हसण्यात तीही असायची, आणि त्या हसण्याचा रोख आपल्याकडे नाही हे तिला पहिल्यांदा जाणवलं असावं. हळूहळू तिचा श्वास खाली उतरायला लागला. दुपारच्या चहाला इतरांत बसू लागली. एकदा तर वन्सं नको तिथे ‘आहे’ म्हणून गेल्या, तेव्हा तिनेच त्यांना पकडलं, “काय आहे, सिस्टर? मी अजून ठेवलंच नाही.” हे सांगताना वन्संचा चेहरा असा खुलला होता की आमच्या लेकीच्या निकालालाही तसा खुलला नव्हता.

मी एवढंच विचारलं, “तुम्ही रजेवर असता तेव्हा ती काय करते?”

“मी कुठं रजा घेते?”

खरंच होतं ते. त्या मेमोनंतर त्यांनी रजा घेतलीच नव्हती. अंगात ताप असताना गेल्या, स्वतःच्या सख्ख्या आत्याच्या मयताला गेल्या त्याही पाळी उरकून. हे चिडले, “अक्का, इस्पितळ तुझ्या जिवावर चालतं का?” त्या म्हणाल्या, “इस्पितळ नाही रे,” आणि चपला घालून निघून गेल्या. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, वाटलं, कामाची सवय. माणसाला सवयीचं कौतुकही असतं.

निवृत्तीचा दिवस सांगून येतो. निरोपाला सहकाऱ्यांनी चाकांची मोठी सुटकेस दिली. “कुठं जायचंय मला?” म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. नवी इन्चार्ज आली होती, तरुण, शिकलेली, बोलायला मोजकी. वन्संनी तिला तिन्ही खोल्या फिरवून दाखवल्या, कुठल्या मशीनचा कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठला ट्रे एका बाजूला झुकतो, सगळं सांगितलं. आणि जिन्याशी ती ‘पुन्हा’ उभी होती, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तू आता बरी आहेस. तुला माझी गरज नाही.”

तिने मान हलवली.

घरी बसल्यावर वन्संचं काही खरं नव्हतं. सकाळी कामाच्या वेळेला आवरून तयार व्हायच्या आणि मग कुठे जायचं नाही म्हणून गॅलरीत उभ्या राहायच्या. माझ्या स्वयंपाकघरातले चमचे उंचीप्रमाणे लावून झाले, डब्यांवर नावं घालून झाली. निरोपाचे हार सुकले नव्हते तोवर एक दिवस त्यांचा मोबाइल वाजला. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “कुठे आहेस? बाथरूममध्ये? दाराला टेक आणि बस खाली. बस आधी. हं. आता मला सांग, काय काय मांडलंस?”

पलीकडून काहीतरी आलं. वन्सं म्हणाल्या, “आहे.”

मग ते रोजचंच झालं. तिने कानात घालायची वायर घेतली होती. टोपीखाली कान झाकलेले, मास्कखाली तोंड झाकलेलं, कुणाला दिसायचं काही कारण नव्हतं. ती तिकडे पुटपुटायची, वन्सं इकडे माझ्या ओट्याशी घेवड्याच्या शेंगा मोडत म्हणायच्या, “आहे. आहे. आहे.”

“अक्का, कुणाची हजेरी घेतेयस?” यांनी विचारलं.

“आहे एक पोरगी.”

मला राहवलं नाही. “वन्सं, तुम्हाला दिसत नाही तिथलं.”

“दिसायला कशाला हवं? क्रम मला पाठ आहे. तिने एक जरी गाळलं ना, तर माझ्या कानाला कळेल.” आणि खरंच कळायचं. दोनदा मी स्वतः ऐकलंय, “थांब, वाकडी राहिली.” त्यांचा रंग सुधारला होता. चमचे पुन्हा मनाला येईल तसे राहू लागले. मीही मग शिट्ट्या होणारा कुकर त्यांच्या फोनच्या वेळेला लावायची नाही, दार वाजलं तर पळत जाऊन उघडायची. घराने त्या फोनला जागा करून दिली होती.

ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी मी वर गच्चीत कपडे वाळत घालत होते. खाली आले तर ओट्यावरून दूध वाहत होतं, वन्सं एका हाताने फडकं फिरवत होत्या आणि मान वाकडी करून खांद्याशी धरलेल्या फोनवर म्हणत होत्या, “आहे, आहे.” एकापाठोपाठ दोनदा. मला ते तेव्हा ऐकू आलं आणि त्यात काही ऐकण्यासारखं आहे असं वाटलं नाही.

संध्याकाळी नव्या इन्चार्जचा फोन आला. थिएटरमध्ये सेट उघडला तर सुई धरायचा चिमटा नाही. रुग्णाला काही झालं नाही, दुसरा सेट होता. इन्चार्जने सही बघून हिला बोलावलं. ही म्हणाली, मी तपासला होता, सिस्टरांनी ‘आहे’ म्हटलं. इन्चार्जने विचारलं, “कोणत्या सिस्टरांनी?”

दुसऱ्या दिवशी वन्सं निघाल्या. मी बरोबर गेले, कारण रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याच तळघरात, त्याच टेबलामागे ती तरुण बाई बसली होती. वन्संना उभं राहून खुर्ची दिली. रागावलेली नव्हती, आणि त्यामुळेच सगळं जड झालं.

वन्संनी सगळं सांगितलं. टेपच्या रेघा, गठ्ठ्यांची खोली, खोटे अधू डोळे, दुधाचं पातेलं. “तिने गाळलं ते मला कळायला हवं होतं. माझं लक्ष दुधात गेलं. चूक माझी आहे. तिला काढू नका. तिची खोली आहे त्या नोकरीवर.”

“काढायचं माझ्या हातात नाही, आणि मी तसं सुचवलंही नाही,” इन्चार्ज म्हणाली. “तूर्त तिला बांधण्यावरून बाजूला केलंय. कपाटांकडे बस म्हटलं. ती काल संध्याकाळी टोपी टेबलावर ठेवून गेली, आज आली नाही.” मग म्हणाली, “सिस्टर, तुम्ही मला गळणारे व्हॉल्व्हसुद्धा सांगितलेत. माणसांचं काहीच सांगितलं नाहीत.”

“तिचं बिंग फुटू नये म्हणून.”

“आजारपण म्हणजे बिंग का?”

वन्संनी टेबलावरची ती टोपी जवळ ओढून घेतली.

“माझ्या भावाला हाच त्रास आहे. मला एक शब्द सांगितला असतात तर मी तिच्या शेजारी कुणाला तरी बसवलं असतं. मी स्वतः बसले असते. मला वाटलं, तुमचे डोळे अधू होते, तुम्ही गेलात, आता मोठ्याने म्हणायची गरज नाही. मीच तिला म्हटलं, आता शांतपणे करत जा.”

बाहेर आलो तर वाफमामा ट्रॉलीला टेकून उभे होते. वन्संना बघून त्यांनी मास्क खाली केला.

“मामा, माझे डोळे चांगले होते,” वन्सं म्हणाल्या.

“माहीत होतं की.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. त्याच दिवशी तुम्ही लांबून माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलंत.” ते खाली बघत म्हणाले, “सगळ्यांनाच माहीत होतं, सिस्टर. तुम्ही एवढी खटपट करताय म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? तुम्ही गेल्यावर मला वाटलं होतं, आपण बसावं तिच्याजवळ. मग म्हटलं, तिला वाईट वाटेल. आपल्याला कळलंय हे तिला कळेल.”

आख्ख्या खोलीने तिच्यासाठी तोंड मिटून ठेवलं होतं, आणि ती त्या खोलीत कानात वायर घालून एकटी बसली होती.

वन्संना मात्र यातून एकदम हुरूप आला. बसमध्ये त्या माझा हात दाबत होत्या. “बघ, कुणी हसलं नाही तिला. हे तिला सांगितलं की येईल ती. इन्चार्ज चांगली आहे, मामा बसतील. कुणापासून काही लपवायचं नाही म्हटल्यावर केवढं ओझं उतरेल तिचं.” मलाही ते पटलं. पटायला हवं होतं म्हणून पटलं असेल.

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या वहिनीने उघडलं. “आहेत ना, या,” म्हणाली, पण आत घेतलं नाही, हाक मारली फक्त. मागे पॅसेजमध्ये एक मुलगा अभ्यासाचं टेबल ओढत एका खोलीकडे नेत होता, आणि “सावकाश रे, भिंत खरवडेल,” असं वहिनी त्याला सांगत होती. ‘पुन्हा’ बाहेर आली, तिने दार ओढून घेतलं आणि आम्ही तिघी जिन्यातच बसलो. घरातल्या कपड्यांत ती आणखी लहान दिसत होती.

“दूध उतू गेलं गं,” वन्सं म्हणाल्या. “माझं लक्ष नव्हतं.”

“मला कळलं होतं. तुम्ही दोनदा ‘आहे’ म्हणालात. एवढ्या वर्षांत तुम्ही कधी दोनदा म्हटलं नाहीत.”

“मग थांबली का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

वन्संनी तिचा हात हातात घेतला. मग त्यांनी इन्चार्जचं सांगितलं. इन्चार्जच्या भावाच्या त्रासाचं सांगितलं, कपाटांजवळच्या जागेचं सांगितलं, बरं वाटलं की परत बांधायला, शेजारी कुणी तरी बसेल, उघडपणे. ती ऐकत होती, आणि मला खरंच वाटलं की तिचे खांदे थोडे सैल झालेत. “पण तिथं सगळ्यांना आता कळलंय,” ती म्हणाली. “कसं तोंड दाखवू?”

“अगं, तेच तर सांगतेय.” वन्संचा आवाज आनंदाने चढला. “त्यांना आधीपासून माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. कुणी हसलं का तुला? कुणी बोललं का?”

तिने हात सोडवून घेतला.

“पहिल्या दिवसापासून?”

“हो ना.”

“मी चहाला बसायची तेव्हाही?”

वन्संनी तिचा हात परत धरायला बघितला.

“मामा चष्म्यावरून विनोद करायचे. मी हसायची.” ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. एकेक दिवस मागे जाऊन बघत असावी. “मला वाटायचं, तेवढी एक जागा अशी आहे की जिथं मला कुणी तसं बघत नाही. मामांनाही माहीत होतं?”

“पुन्हा, ऐक जरा...”

“तुम्ही म्हणाला होतात, कुणाला सांगू नकोस. म्हणजे ते सांगण्यासारखं नव्हतंच ना, सिस्टर? मी बरोबर समजले होते ना?”

मी काही तरी बोलायला हवं होतं, पण काय, ते मला अजूनही सुचलेलं नाही. ती उठली, कपड्यांना लागलेली जिन्यातली धूळ झटकली. “सावकाश उतरा,” म्हणाली. आत गेली. टेबल ओढल्याचा आवाज परत सुरू झाला.

इन्चार्जने तिची जागा बरेच दिवस भरली नाही. दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः जाऊन आली. त्या मधल्या खोलीत आता सगळेच जण जोडीने बसतात, एक मांडतो आणि दुसरा ऐकतो. नवीन कुणी आलं की पहिल्याच दिवशी त्याला विचारतात, तुला कशाची भीती वाटते ते सांगून ठेव. वाफमामांनी फोनवर वन्संना हे सांगितलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी “छान केलंत” म्हटलं, आणि फोन ठेवून शेंगा मोडायला बसल्या, त्या मोडून झाल्या तरी बसून राहिल्या.

त्या अजून तिच्याकडे जातात. दोन बस बदलून, कधी फळं, कधी नुसत्याच. मी बरोबर येते म्हटलं की नको म्हणतात. काल परत आल्या तेव्हा मी पाणी दिलं आणि विचारलं, “भेटली?”

“वहिनी म्हणाली, घरी नाही.”

“मग कधी येणार होती?”

“घरीच होती गं,” वन्सं म्हणाल्या. “चपला दारात होत्या तिच्या. मी थोडा वेळ जिन्यात बसले आणि आले.”